नजर कमी होणे : कारणे आणि लक्षणे यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेत्रतपासणीला येणारे बहुतेक जण एकाच वाक्याने सुरुवात करतात: "नजर कमी झाली आहे, नंबर काढून द्या." त्यातला पहिला भाग तक्रार असते आणि दुसरा भाग हे रुग्णाने स्वतःच करून टाकलेले निदान असते. पुष्कळदा ते बरोबरही निघते. पण ज्यांच्या बाबतीत ते चुकते, त्यांचे मोलाचे काही महिने नवनवे चष्मे करण्यात निघून जातात. खालील उत्तरे मुख्यतः त्यांच्यासाठी आहेत.

नजर कमी होते म्हणजे डोळ्यात नेमके काय होते?

प्रकाश प्रथम बुबुळावरच्या पारदर्शक पारपटलातून, मग बाहुलीतून आणि तिच्यामागच्या भिंगातून आत शिरतो, डोळ्याच्या पोकळीतील जेलीसारखा पदार्थ ओलांडून मागच्या दृष्टिपटलावर, म्हणजे बोलीत आपण ज्याला 'पडदा' म्हणतो त्यावर पडतो, आणि तिथून दृष्टिचेतेमार्फत, म्हणजे डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेमार्फत, त्याची खबर मेंदूच्या मागच्या भागात पोहोचते. या वाटेवर कोठेही बिघाड झाला तरी रुग्णाला एकच जाणवते: नीट दिसत नाही. म्हणून डॉक्टर आधी चार गोष्टी विचारतात. नजर अचानक गेली की हळूहळू? एका डोळ्याची की दोन्ही? समोरचे दिसत नाही की कडेचे? आणि डोळा दुखतो का?

दोन्ही डोळ्यांची नजर न दुखता, महिनोन् महिने उतरत गेली असेल तर चष्म्याचा नंबर, मोतीबिंदू, काचबिंदू किंवा मधुमेह यांचा विचार आधी होतो. एकाच डोळ्याची नजर एकाएकी गेली तर संशय पडदा, रक्तवाहिनी किंवा दृष्टिचेता यांच्यावर येतो. लाल आणि दुखऱ्या डोळ्याची नजर कमी झाली असेल तर पारपटलावरील जखम, डोळ्याच्या आतील सूज किंवा वाढलेला दाब शोधावा लागतो. "कमी दिसते" एवढेच सांगणाऱ्यापेक्षा "गेल्या गुरुवारपासून उजव्या डोळ्याला वाचताना मधलेच अक्षर पुसट दिसते" असे सांगणाऱ्या रुग्णाचे निदान निम्मे झालेले असते.

तक्त्यावरील ६/६ आणि ६/६० या आकड्यांचा अर्थ काय?

हा अक्षरांचा तक्ता डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलन यांनी १८६२ मध्ये तयार केला. वरचा आकडा रुग्ण तक्त्यापासून किती मीटरवर आहे ते सांगतो आणि खालचा आकडा तीच ओळ निरोगी डोळ्याला किती मीटरवरून वाचता येते ते सांगतो. म्हणजे ६/६० नजर असलेल्या माणसाला, इतरांना ६० मीटरवरून दिसणारे अक्षर वाचण्यासाठी ६ मीटरवर यावे लागते. आपल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात २०१७ पासून, अधिक चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असल्यास ते अंधत्व मानले जाते; त्यापूर्वी ही मर्यादा ६/६० होती.

मात्र हा तक्ता समोरच्या बारीक नजरेखेरीज काहीच मोजत नाही. कडेची नजर, रंगांची जाण, संधिप्रकाशात दिसणे यांची त्यावर नोंद होत नाही. काचबिंदूने बरीचशी कडेची नजर गमावलेला माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ बिनचूक वाचून दाखवतो, आणि घरी जाताना दाराच्या चौकटीला खांदा धडकवून घेतो.

एका डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हते, तरी मला कळले कसे नाही?

कारण दुसरा डोळा ते झाकून घेत होता. दोन्ही डोळे उघडे असताना मेंदू चांगल्या डोळ्याचे चित्र वापरतो आणि वाईट डोळ्याचे सोडून देतो. चांगल्या डोळ्यात धूळ गेली, तो चोळण्यासाठी मिटला आणि समोरचे सगळे नाहीसे झाले, अशा योगायोगाने कित्येकांना आपला दुसरा डोळा अधू असल्याचा शोध लागतो.

यावरचा उपाय फुकटातला आहे. रोजचा चष्मा लावून ठरावीक जागी बसावे आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहावे. एका डोळ्यावर तळहाताची वाटी धरावी. बुबुळावर दाब देऊ नये, कारण दाबलेला डोळा उघडल्यावर काही क्षण धूसरच दिसतो. मोठी तारीख दिसते का, तिच्याखालची तिथी वाचता येते का, हे पाहून मग दुसऱ्या डोळ्याने तेच करावे. नंतर खिडकीचे गज किंवा न्हाणीघरातील फरशांचे सांधे पाहावेत. ते सरळच दिसले पाहिजेत. महिन्यातून एकदा, संकष्टीला म्हणा किंवा पगाराच्या दिवशी, जो दिवस लक्षात राहील त्या दिवशी हे केले तरी पुरते. या पानावरचे बाकी काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, पण प्रत्येक डोळा वेगळा तपासण्याची ही सवय अवश्य लावून घ्यावी.

हा चष्म्याचा नंबर आहे की आजार, हे घरी ओळखता येईल का?

पक्के नाही, पण अंदाज येतो. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्यावा, त्याला जाड सुईने एक बारीक भोक पाडावे, आणि एक डोळा झाकून दुसऱ्याने त्या भोकातून दूरचे अक्षर पाहावे. भोकातून अक्षर स्पष्ट झाले तर दोष बहुधा नंबराचा असतो, कारण छोटे छिद्र तिरके किरण अडवते आणि सरळ येणारे किरण पडद्यावर नेमके पडतात. काहीच फरक पडला नाही, किंवा अधिकच वाईट दिसले, तर चष्म्याच्या दुकानाऐवजी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. ही खूण शंभर टक्के खरी नसते. सुरुवातीच्या मोतीबिंदूतही भोकातून थोडे बरे दिसते.

एक सूचना मधुमेही व्यक्तींसाठी. रक्तातील साखर वरखाली होत असताना भिंगाचा फुगवटा बदलतो आणि नंबरही बदलतो. आज केलेला चष्मा महिन्याभराने निरुपयोगी ठरू शकतो, तेव्हा साखर काही आठवडे स्थिर झाल्यावरच नंबर काढावा.

चाळिशी लागणे हा आजार आहे का?

नाही. वयानुसार भिंगाचा लवचीकपणा कमी होतो, म्हणून सुईत दोरा ओवताना हात लांब जाऊ लागतो. जवळचा चष्मा लावावा; त्याने डोळे आळशी होत नाहीत आणि न लावल्याने नंबर वाढायचा थांबतही नाही.

मोतीबिंदू कसा ओळखावा आणि तो पिकेपर्यंत थांबावे का?

डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. भारतात पन्नाशीपुढील अंधत्वाच्या सुमारे दोनतृतीयांश घटनांमागे शस्त्रक्रिया न झालेला मोतीबिंदूच असतो. नजर धुक्यातून पाहिल्यासारखी होते, रंग पिवळट आणि मळके वाटतात, रात्री समोरून येणाऱ्या एसटीचे दिवे डोळ्यांपुढे फाकतात, चष्म्याचा नंबर सहा-सहा महिन्यांनी बदलू लागतो. काहींना एकच डोळा उघडा ठेवूनही चंद्र दोन-तीन दिसतात.

फसवे लक्षण वेगळेच आहे. मोतीबिंदू भिंगाच्या गाभ्यात असेल तर डोळ्याचा ऋण (मायनस) नंबर वाढतो आणि जवळचे एकाएकी चष्म्याविना दिसू लागते. आजी चष्मा बाजूला ठेवून तांदूळ निवडायला बसते, घरातले तिच्या नजरेचे कौतुक करतात, आणि त्याच आजीला अंगणातून येणारा माणूस ओळखता येत नाही. म्हातारपणी परत आलेली ही जवळची नजर तपासणीचे कारण समजावी.

मोतीबिंदू पिकू देण्याचा सल्ला जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला आहे. लंडनमध्ये १९४९ साली हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले. पुढे छोट्या छेदातून ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्याची फेको पद्धत रूढ झाली, आणि तिला कठीण, पिकलेला मोतीबिंदू उलट अडचणीचा ठरतो. अतिपिकलेला मोतीबिंदू फुगतो किंवा झिरपतो आणि डोळ्यातील दाब वाढवतो. मग प्रकरण वेदनांसह तातडीचे होऊन बसते. रोजच्या कामात अडथळा येऊ लागला की शस्त्रक्रियेची वेळ झाली असे समजावे. थेंब, गोळ्या किंवा व्यायाम यांनी मोतीबिंदू विरघळत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत शासकीय रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते.

शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले तर मोतीबिंदू परत आला का?

मोतीबिंदू परत येत नाही. नवे भिंग ज्या पातळ पिशवीत बसवलेले असते तिची मागची बाजू काहींमध्ये गढूळ होते आणि लेझरने ती बाह्यरुग्ण विभागातच काही मिनिटांत मोकळी करता येते. मात्र शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत डोळा दुखू लागला, लाल झाला आणि नजर उतरली, तर आत जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता असते. पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

काचबिंदूत काहीच दुखत नाही, मग तो कळणार कसा?

नावाच्या साधर्म्यामुळे अनेक जण मोतीबिंदू आणि काचबिंदू ही भावंडे समजतात. मोतीबिंदूत गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत मिळते. काचबिंदूत गेलेली मिळत नाही. काचबिंदूत दृष्टिचेतेचे तंतू एकेक करून मरतात, बहुधा डोळ्यातील दाब त्या चेतेला सोसवत नाही म्हणून. हा दाब साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो, पण या मर्यादेत दाब असूनही काचबिंदू झालेले रुग्ण असतात, त्यामुळे केवळ दाब मोजून निर्वाळा देता येत नाही. चेतेचे टोक तपासावे लागते आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी करावी लागते.

सुरुवातीला कडेची नजर विरळ होते आणि मेंदू त्या रिकाम्या जागा भरून काढतो, म्हणून रुग्णाला काळे डाग दिसत नाहीत. बऱ्याच काळाने पायऱ्या चुकतात, रस्ता ओलांडताना बाजूने आलेली दुचाकी अचानक प्रकट झाल्यासारखी वाटते. आईवडील किंवा भावंडे यांपैकी कोणाला काचबिंदू असेल, चाळिशी उलटली असेल, नंबर मोठा असेल, किंवा दमा, त्वचारोग वा डोळ्यांच्या खाजेसाठी स्टेरॉइड दीर्घकाळ घेतले असेल, तर लक्षणांची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी. औषधाचे थेंब राहिलेली नजर टिकवण्यासाठी असतात. "थेंब घालूनही काही सुधारत नाही" म्हणून ते बंद करणारे रुग्ण दर आठवड्याला भेटतात, आणि त्यांना हे आधी कोणी समजावून सांगितले नव्हते याचेच वाईट वाटते.

काचबिंदूचा एक प्रकार मात्र दवंडी पिटत येतो. डोळ्यातील पाणी वाहून जाण्याची वाट एकाएकी बंद होते, डोळा लाल होऊन ठणकतो, दिव्याभोवती इंद्रधनुष्यी कडी दिसतात, डोके फुटल्यासारखे होते आणि उलट्या होतात. उलट्यांमुळे पित्त समजून घरगुती उपचार चालू राहतात आणि त्यात डोळा जातो.

मधुमेह आहे, पण दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसते. तरीही पडदा तपासायचा का?

होय, आणि स्वच्छ दिसत असतानाच तपासायचा. वाढलेल्या साखरेने पडद्यावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या कमकुवत होतात, त्यांतून रक्त आणि पाणी झिरपते, पुढे नव्या ठिसूळ वाहिन्या फुटतात. पडद्याच्या मध्यबिंदूला सूज येईपर्यंत किंवा डोळ्यात रक्तस्राव होईपर्यंत रुग्णाला काहीच जाणवत नाही. टाइप दोन मधुमेहात निदान झाल्याबरोबर आणि त्यानंतर दरवर्षी, तर टाइप एक मधुमेहात निदानानंतर पाच वर्षांनी तपासणी सुरू करावी. मधुमेही स्त्रीने गरोदरपणी ती अधिक वेळा करावी. लेझर आणि डोळ्यात द्यायची इंजेक्शने यांनी बरीच नजर वाचवता येते. डोळ्यात सुई या कल्पनेनेच रुग्ण पळतात, पण बधिर करणाऱ्या थेंबांनंतर ती जेमतेम जाणवते.

सरळ रेषा वाकड्या दिसतात. हे कशाचे लक्षण आहे?

पडद्याच्या मध्यबिंदूला सूज आल्याचे किंवा तिथे झीज झाल्याचे. उतारवयात, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत, ही झीज अधिक आढळते. माणूस दारात उभा दिसतो, पण त्याचा चेहराच दिसत नाही. रेषा नव्याने वाकड्या दिसू लागल्या तर आठवड्याच्या आत तपासून घ्यावे.

नजर अचानक गेली तर किती वेळ थांबावे?

मुळीच थांबू नये, दुखत नसेल तरीही. 'दुखत नाही म्हणजे गंभीर नाही' हा नियम दाताला लागू पडत असेल. डोळ्यात तो उलटा पडतो.

पडदा सुटू लागतो तेव्हा आधी डोळ्यांपुढे विजेसारखे लखलखाट होतात, काजळीसारखे ठिपके एकदम वाढतात, आणि मग एका बाजूने काळा पडदा सरकत येतो. ऋण नंबर मोठा असलेल्यांना आणि डोळ्याला मार लागलेल्यांना हा धोका अधिक. मध्यबिंदू सुटण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली तर नजर चांगली राहते, म्हणून इथे एकेक दिवस मोजावा लागतो. वर्षानुवर्षे दिसणारे एक-दोन तरंगते ठिपके मात्र बहुधा निरुपद्रवी असतात.

पडद्याची मुख्य रोहिणी, म्हणजे त्याला रक्त पुरवणारी वाहिनी, गुठळीने बंद झाली तर दिवा विझावा तशी एका डोळ्याची नजर क्षणात जाते. रक्ताविना पडदा काही तासच तग धरतो. हा डोळ्यातला पक्षाघातच समजावा आणि जिथे पक्षाघातावर उपचार होतात असे रुग्णालय गाठावे. नजर पाच-दहा मिनिटे जाऊन परत आली तरी तेच करावे, कारण ती मेंदूच्या पक्षाघाताची पूर्वसूचना असू शकते. वयस्कर व्यक्तीला सोबत कानशिलात दुखत असेल, घास चावताना जबडा दुखत असेल, केस विंचरताना डोके हुळहुळत असेल, तर रोहिणीच्या दाहाचा संशय घ्यावा; त्यात उपचाराअभावी दुसराही डोळा काही दिवसांत जाऊ शकतो.

तरुण वयात डोळा फिरवताना दुखणे, काही दिवसांत नजर मंदावणे आणि कुंकवाचा लाल रंग एका डोळ्याला फिका विटकरी दिसणे ही दृष्टिचेतेच्या दाहाची खूण आहे.

पक्षाघातात रुग्ण "उजव्या डोळ्याने दिसत नाही" असे सांगतो, पण एकेक डोळा झाकून पाहिल्यावर दोन्ही डोळ्यांना उजवीकडचे अर्धे जग दिसत नसल्याचे आढळते. अशी व्यक्ती ताटाच्या एका बाजूची कोशिंबीर तशीच ठेवून उठते. बोलणे अडखळत असेल किंवा हातपाय लुळा पडत असेल तर डोळ्यांच्या दवाखान्यात वेळ घालवू नये.

अर्धशिशीत नागमोडी चमकत्या रेषा दिसतात, हळूहळू पसरतात आणि साधारण तासाभरात नाहीशा होतात. असे आयुष्यात प्रथमच झाले असेल तर ते अर्धशिशीच आहे असे स्वतः ठरवू नये.

चुना डोळ्यात गेला किंवा उसाचे पान लागले तर काय करावे?

तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा नळी खेळताना मुलाच्या हातात दाबली जाते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना अल्कधर्मी असल्याने पारपटल जाळत आत आत जातो. अशा वेळी रिक्षा शोधण्याआधी नळाखाली किंवा तांब्याने स्वच्छ पाणी किमान अर्धा तास डोळ्यात सोडत राहावे, पापणी उलटून चुन्याचे कण धुऊन काढावेत, आणि मगच रुग्णालयात न्यावे. डोळ्याचे भवितव्य बहुतांशी या पहिल्या धुण्यावर ठरते.

उसाचे पान, भाताची लोंबी किंवा काडी यांनी झालेल्या ओरखड्यात बुरशीचा संसर्ग होतो. दोन-चार दिवसांनी डोळा लाल होतो, पाणी गळते, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. यावर दुकानातून आणलेला स्टेरॉइडचा थेंब घातला की लाली तात्पुरती कमी होते आणि बुरशी मोकाट वाढते. भरून आल्यावर मागे राहणाऱ्या पांढऱ्या डागाला आपण 'फूल पडणे' म्हणतो. तो मध्यभागी असेल तर पारपटल प्रत्यारोपणापर्यंत वेळ येते.

औषधांमुळे नजर कमी होते का?

काही औषधांनी होते. क्षयरोगावरील इथॅम्ब्युटॉल क्वचित दृष्टिचेतेला इजा करते. लाल-हिरवा रंग ओळखताना गफलत होऊ लागली किंवा समोरचे पुसट झाले, तर उपचार देणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांत हा धोका अधिक असतो. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी पडद्याची नियमित तपासणी करावी. स्टेरॉइडने मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही होतात.

औषध नव्हे, पण इथेच सांगायला हवे असे विष म्हणजे मिथेनॉल. मुंबईतील मालवणी येथे जून २०१५ मध्ये मिथेनॉलमिश्रित दारूने १०० हून अधिक माणसे दगावली. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते दृष्टिचेतेवर घाला घालते. दारूनंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी पांढरे धुके दिसू लागले तर ती उतरण्याची वाट पाहू नये.

लहान मूल तक्रार करत नाही, मग काय पाहावे?

मुलाला आपल्याला दिसते ते कमी आहे हेच ठाऊक नसते. टीव्हीजवळ जाऊन बसणे, फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणे, मान तिरकी करून पाहणे, एक डोळा झाकताच रडू लागणे, या खुणा पालकांनी आणि शिक्षकांनी पाहायच्या असतात. तिरळेपणा 'भाग्याचा' म्हणून सोडून देऊ नये. न वापरलेला डोळा मेंदूकडून दुर्लक्षित होतो, आणि हा आळशी डोळा सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि पट्टी यांनी जितका सुधारतो तितका नंतर सुधारत नाही. छायाचित्रात किंवा अंधुक उजेडात बाहुली पांढरी चमकली तर जन्मजात मोतीबिंदू किंवा पडद्याचा कर्करोग नाही याची खात्री तातडीने करावी. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासला गेला पाहिजे.

संध्याकाळी मूल ठेचकाळू लागले तर अ जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारा रातांधळेपणा असू शकतो. शासकीय लसीकरणात नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत या जीवनसत्त्वाचे ९ डोस देतात. ते चुकवू नयेत.

मोबाईलमुळे अंधत्व येते का?

नाही. टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडून धूसर दिसते, आणि पापण्या मिटल्या की ते सुधारते. मुलांचा ऋण नंबर मात्र सतत जवळचे पाहण्याने वाढतो, आणि रोज घराबाहेर उजेडात खेळण्याने तो लागण्याची शक्यता कमी होते.

मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस किंवा आईचे दूध डोळ्यात घातल्याने फायदा होतो का?

होत नाही. जंतुसंसर्ग मात्र होतो.

तपासणीला येताना काय आणावे?

सध्याचा आणि त्याआधीचा असे दोन्ही चष्मे, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची आणि थेंबांची पाकिटे, साखर आणि रक्तदाब यांचे ताजे अहवाल, आणि घरातील कोणाला काचबिंदू होता का याची माहिती आणावी. पडदा पाहण्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. त्यानंतर चार-सहा तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही. म्हणून सोबत कोणीतरी असावे, गॉगल किंवा छत्री असावी, आणि आपली गाडी त्या दिवशी घरीच ठेवावी.